कागदी नमुने, शिवणकामातील

अंगाच्या मापांवरून कपड्याच्या प्रत्येक भागाचा सपाट आकार कागदावर आखून व कापून तयार केलेल्या आकृतीस शिवणकामात ‘नमुना’ म्हणतात. कपड्याचे भाग आखून कापण्याच्या संपूर्ण क्रियेस मराठीत ‘बेतणे’ अशी संज्ञा आहे. कापडावर थेट बेतताना झालेली चूक दुरुस्त होत नाही. एकदा गेलेली कात्री मागे घेता येत नाही. कागदावरील चूक मात्र तुकडा जोडून वा घडी घालून सुधारता येते. घरगुती शिवणकामात कापड मोजकेच असल्याने नमुन्याचे महत्त्व विशेष आहे. नमुना तयार करणे आणि तयार नमुन्यात विशिष्ट अंगलटीप्रमाणे फेरफार करणे अशी या कौशल्याची दोन अंगे असून त्यांपैकी दुसरे अधिक अवघड व अधिक दुर्लक्षित आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील परंपरागत पेहरावाचा मोठा भाग न शिवलेल्या वस्त्रांचा होता. साडी, धोतर, पटका, उपरणे यांना नमुना लागत नाही. बंडी, पैरण, कुडते, झबले, कुंची इ. शिवलेले कपडे बहुतांशी सरळ कापांचे असत. आयताकृती अंग व बाह्या, घेरासाठी तिरप्या कळ्या आणि काखेत हालचालीसाठी चौकोनी तुकडा अशी त्यांची रचना असे. असे भाग कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांनुसार कापल्यामुळे कापड वाया जात नसे व वीत, बोट, हात एवढी मापे पुरत. उरलेल्या चिंध्या वाकळेत जात. अंगासरशी बसणारी चोळी हा याला मुख्य अपवाद होता. गाठीची चोळी लहानलहान तुकडे जोडून अंगाला बसवीत आणि समोरच्या गाठीने ती कमी-अधिक आवळता येई. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील बंजारा तांड्यांत वडीलधाऱ्या स्त्रियांच्या पेहरावात दिसणारी काचळीही अशीच तुकड्यांची व बंदांची असून तिची पाठ उघडी असते. गाठ व बंद यांमुळे मापातील फरक कपड्यातच सामावला जाई. नमुन्याची गरज त्यामुळे भासली नाही.

विसाव्या शतकात चोळीची जागा हुकांच्या पोलक्याने व पुढे ब्लाउजने घेतली, तेव्हा स्थिती पालटली. हुक लावलेला कपडा एकाच मापाचा असतो. तो दोन सेंमी.ने चुकला, तर ओढ बसते किंवा झोळ येतो. साडीबरोबर घालावयाचा ब्लाउज हा आकाराने लहान, पण बेतण्यास सर्वांत कठीण अशा कपड्यांपैकी एक होय.

शिवणाची परिभाषाही संमिश्र आहे. आस्तर, पन्हा (कापडाची रुंदी), उरेब (तिरपा काप) हे शब्द फार्सीतून आले; मुंढा (बाही जोडण्याची खोलगट कड), कळी, माया (शिवणीबाहेर राखलेले जादा कापड) हे शब्द कारागिरांच्या रोजच्या बोलीतील; तर टक्स, शोल्डर, कॉलर हे इंग्रजीतून रूढ झाले.

इतिहास : कपड्याच्या भागांच्या आकृत्या देणारे सर्वांत जुन्या मुद्रित ग्रंथांपैकी एक पुस्तक स्पेनमधील हुआन दे आल्सेगा याने १५८० मध्ये प्रसिद्ध केले. ठरावीक पन्ह्याच्या कापडातून कोणता कपडा कसा काढावा, हे त्याचे मुख्य प्रयोजन होते. फ्रान्समध्ये गार्सो याचा शिंपीकामावरील ग्रंथ १७६९ मध्ये निघाला. घरगुती वापराचा कागदी नमुना मात्र शिवणयंत्राच्या प्रसारानंतरचा आहे. सिंगर याने १८५१ मध्ये आपल्या शिवणयंत्राचे एकस्व मिळविले [⟶ शिवणयंत्र]. पुढे १८६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात एबेनीझर बटरिक या शिंप्याने वेगवेगळ्या मापांच्या प्रतवार नमुन्यांची विक्री सुरू केली. तत्पूर्वी नमुने एकाच मापाचे मिळत व ते लहान-मोठे करण्याचे काम ग्राहकावर पडे.

भारतात सिंगर यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली व १९३० नंतरच्या दशकात कलकत्ता येथे ‘उषा’ यंत्रांची निर्मिती सुरू झाली. परंतु यंत्रांबरोबर नमुन्यांची पाकिटे घरोघरी पोहोचली नाहीत. पाश्चात्त्य नमुने झगे व कोटांचे होते. साडीवरील ब्लाउज, परकर, सलवार-कमीज त्यांत नव्हते. येथे त्याऐवजी मापांवरून सूत्राने आखणी करण्याच्या पद्धतीचा प्रसार झाला. महाराष्ट्रात मुंबईच्या झारापकर टेलरिंग कॉलेजच्या पुस्तकांतून शिकविलेली ‘झारापकर पद्धत’ अनेक शिवणवर्गांनी स्वीकारली.

मापे : नमुन्याची यथार्थता मापांवर अवलंबून असते. ब्लाउजसाठी छाती, छातीखालचा घेर, कंबर, खांद्यांची रुंदी, पुढची व मागची उंची, खांद्यापासून वक्षबिंदूपर्यंतचे अंतर, दोन वक्षबिंदूंमधील अंतर, बाहीची लांबी आणि दंडाचा घेर ही मापे आवश्यक होत. फीत छातीभोवती पाठीमागे खाली घसरू न देता जमिनीला समांतर धरावी. पुढची व मागची उंची स्वतंत्रपणे घेणे महत्त्वाचे आहे. कारण पाठीचा बाक किंवा छातीचा उभार एकाच बाजूची लांबी वाढवितो. भारतात कापड मीटरने विकले जात असले, तरी शिवणाऱ्यांच्या व्यवहारात इंच टिकून आहेत. एकाच मापयादीत दोन्ही एकके मिसळल्यास चूक होण्याचा संभव असतो.

मराठवाड्यात सर्वत्र रूढ असलेली पद्धत म्हणजे नीट बसणारा जुना ब्लाउज ‘मापाला’ देणे. जुन्या कपड्यावरून उतरविलेला नमुना सोयीचा असतो. परंतु वापराने कापड उरेब दिशेत ताणलेले, धुण्याने आटलेले आणि शिवणी उसवून पुन्हा घातलेल्या असू शकतात. म्हणून तो नमुना प्रत्यक्ष मापांशी ताडून पाहणे इष्ट ठरते.

आखणी : खाकी कागद, पट्टी, गुण्या, वक्रपट्टी व दातेरी चाक एवढी सामग्री पुरते, वर्तमानपत्राचा कागदही चालतो. शरीराच्या दोन्ही बाजू बहुधा सारख्या धरून निम्म्या भागाची आखणी करतात. छाती ८८ सेंमी. व कंबर ७२ सेंमी. असल्यास पुढच्या व मागच्या निम्म्या भागांची प्रत्येकी रुंदी छातीपाशी २२ सेंमी. येते. श्वासोच्छ्वास व हालचालीसाठी एकूण ४ सेंमी. सैलपणा ठेवल्यास ती २३ सेंमी. होते. कमरेशी हीच रुंदी १८ अधिक १, म्हणजे १९ सेंमी. हवी. उरलेले ४ सेंमी. कोठेतरी नाहीसे करावे लागतात. त्यांपैकी दीड सेंमी. बगलेच्या शिवणीत व अडीच सेंमी. टक्समध्ये घेतले जातात.

टक्स म्हणजे सपाट कापडातून काढून टाकलेली पाचर होय. पाचर मिटताच कापडास शंकूसारखा फुगवटा येतो व त्याचे टोक उभाराकडे असते. टक्सचे टोक वक्षबिंदूपासून सु. २ सेंमी. अलीकडे संपवितात, अन्यथा तेथे कापडाचे टोचदार टोक उभे राहते. पाचर वक्षबिंदूभोवती खांदा, बगल वा कंबर यांपैकी कोठेही फिरविता येते. तिचा कोन कायम राहतो. कडेपर्यंतचे अंतर बदलल्याने तोंडाची रुंदी तेवढी बदलते. कटोरी ब्लाउजमध्ये हीच पाचर वक्र शिवणीत सामावलेली असते.

सूत्रपद्धतीत छातीच्या मापावरून इतर मापे काढतात, उदा., गळ्याची निम्मी रुंदी छातीचा बारावा भाग धरतात. छाती ८४ सेंमी. असता ती ७ सेंमी. व १०८ सेंमी. असता ९ सेंमी. येते. परंतु अंग भरल्याने मानेची रुंदी त्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी मोठ्या मापाचा ब्लाउज खांद्यावरून घसरू लागतो. सूत्र हे माप उपलब्ध नसताना वापरावयाचे साधन आहे. जे माप फितीने घेता येते ते सूत्राने काढू नये, असा सर्वसाधारण नियम सांगता येईल.

खुणा व माया : प्रत्येक तुकड्यावर भागाचे नाव, एकूण तुकडे, उभ्या धाग्याची दिशा दाखविणारा बाण, घडीची रेषा, टक्स, जुळणीच्या खाचा, मापे व तारीख लिहितात. धाग्याचा बाण नसलेला नमुना कापडावर तिरपा ठेवला गेला, तर कपडा धुण्यानंतर एका बाजूस पीळ खातो. फेरफार करावयाचा मूळ नमुना मायेशिवाय, म्हणजे शिवणरेषेवर कापलेला असावा. माया कापडावर आखताना वाढवितात. गळा व मुंढा येथे ती सु. १ सेंमी., तर बगलेत ३ ते ४ सेंमी. ठेवण्याचा येथील प्रघात आहे. बाळंतपण, आजारपण व वय यांमुळे अंग बदलते. एकच ब्लाउज अनेक वर्षे वापरावयाचा असल्याने ही माया उसवून तो सैल करता येतो.

प्रतवारी : एका मापाच्या नमुन्यावरून क्रमाने लहान-मोठी मापे तयार करण्यास प्रतवारी म्हणतात. केवळ आकार मोठा करणे व प्रतवारी यांतील फरक याच दोन जिल्ह्यांतील एका उद्योगावरून स्पष्ट होतो. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे राष्ट्रध्वजासाठी खादी विणली जाते व नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या केंद्रात ध्वज तयार होतात. ध्वजसंहितेत १५० × १०० मिमी. पासून ६,३०० × ४,२०० मिमी. पर्यंत नऊ आकार ठरविलेले असून सर्वांत लांबी-रुंदीचे प्रमाण ३ : २ आहे. ४५० × ३०० मिमी.च्या ध्वजाची दोन्ही मापे दुप्पट केली की ९०० × ६०० मिमी.चा ध्वज मिळतो. तेथे नमुन्यात फेरफारास वाव नाही व तो नसणे हेच अभिप्रेत आहे. मानवी शरीराचे तसे नसते. छाती ८० सेंमी. वरून १०० सेंमी. झाली, म्हणजे सव्वापट झाली, तरी ३५ सेंमी.चा खांदा ४३.७५ सेंमी. होत नाही, ही वाढ सामान्यतः त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते. पाठीची उंची तर जवळजवळ तीच असते. म्हणून प्रतवारीत प्रत्येक रेषेस वेगळी वाढ द्यावी लागते. आणि अशी वाढ सरासरी अंगलटीची असल्याने प्रतवार नमुनाही व्यक्तीला तंतोतंत बसेलच असे नाही.

फेरफार : नमुन्यातील सर्व फेरफार एका तत्त्वावर आधारलेले आहेत. दोन कडा एकमेकींस शिवल्या जात असतील, तर एकीतील बदल दुसरीतही केला पाहिजे. या तत्त्वाकडे दुर्लक्ष झाल्यानेच घरगुती शिवणात बाही न बसणे, शिवण फिरणे इ. दोष उद्‌भवतात. फेरफार करताना प्रथम उंचीचा व नंतर रुंदीचा विचार करतात. नेहमीचे फेरफार पुढीलप्रमाणे होत.

(१) उंची : मुंढा व कंबर यांच्या दरम्यान धाग्याच्या बाणास काटकोनात रेषा आखून नमुना कापावा व हवे तितके अंतर ठेवून मागे कागद चिकटवावा, कमी करावयाचे असल्यास घडी घालावी. केवळ खालच्या कडेस वाढ दिल्यास लांबी मिळते, पण कमरेचा आकार चुकीच्या जागी राहतो. पुढच्या व मागच्या भागांत सारखाच बदल करावा.

(२) एकूण घेर : ४ सेंमी. वाढ हवी असल्यास ती बगलेच्या चार कडांत प्रत्येकी १ सेंमी. वाटली जाते. मुंढ्याची रेषा त्यामुळे लांबते, म्हणून बाहीच्या दोन्ही कडांनाही १ सेंमी. देणे क्रमप्राप्त ठरते.

(३) छातीचा उभार अधिक असणे : येथे बगलेत वाढ देणे चुकीचे होय, जादा कापड काखेत गोळा होते व समोरची ओढ तशीच राहून खालची कड वर उचलली जाते. पुढच्या भागास खालच्या कडेपासून वक्षबिंदूपर्यंत व तेथून मुंढ्याकडे काप द्यावा. मुंढ्याच्या शिवणरेषेशी कागद जोडलेला ठेवावा. दुसरा काप बगलेच्या शिवणीपासून वक्षबिंदूपर्यंत द्यावा. वक्षबिंदूशी दीड सेंमी. अंतर उघडल्यास संपूर्ण पुढच्या भागात ३ सेंमी. वाढ होते. बगलेत उघडलेली पाचर टक्स म्हणून मिटवितात, त्यामुळे ही कड पाठीच्या कडेएवढीच राहते. मध्यभागाची खालची कड मात्र उघडलेल्या बाजूइतकी वाढवून घ्यावी लागते. पाठीचा भाग जसाच्या तसा राहतो.

(४) वाकलेली पाठ : उतारवयात पाठीस बाक येतो. निंदणी-खुरपणीसारखी वाकून करावयाची कामे ज्यांनी वर्षानुवर्षे केली, अशा स्त्रियांतही तो आढळतो. अशा वेळी ब्लाउज मागून वर चढतो व गळा मानेपासून सुटतो. खवाट्यांच्या पातळीवर पाठीच्या मध्यापासून मुंढ्याकडे आडवा काप देऊन मध्याशी १ ते २ सेंमी. अंतर उघडतात. मध्यरेषा यामुळे सरळ राहत नाही. ती पुन्हा सरळ आखून वाढलेली रुंदी गळ्याजवळच्या लहान टक्समध्ये घेतात.

(५) उतरते खांदे : मुंढ्याजवळ तिरप्या सुरकुत्या दिसतात. खांद्याचे बाहेरील टोक १ सेंमी. खाली घेतल्यास मुंढ्याचा तळही १ सेंमी. खाली न्यावा, नाहीतर मुंढा आखूड होऊन काखेत रुततो. उचललेल्या खांद्यांच्या बाबतीत याच्या उलट बदल करतात.

(६) भरलेला दंड : बाहीच्या दोन्ही कडांस वाढ दिल्यास अंगाच्या बगलेतही तेवढीच वाढ द्यावी लागते. अंगात वाढ नको असल्यास बाहीस मधोमध उभा व दंडाशी आडवा काप देऊन ती फक्त मधे रुंद करतात आणि कमी झालेली माथ्याची उंची पुन्हा आखून पूर्ण करतात. शेवटी बाहीच्या माथ्याची रेषा व मुंढ्याची रेषा फितीने मोजून पाहतात. माथा १ ते दीड सेंमी. अधिक असल्यास तो हलक्या ओढीने सामावतो. त्याहून अधिक फरक राहिल्यास चुण्या पडतात.

दोन्ही खांदे किंवा दोन्ही बाजू सारख्या नसल्यास निम्म्या नमुन्यावर भागत नाही. डाव्या व उजव्या बाजूंचे स्वतंत्र तुकडे काढावे लागतात.

चाचणी : फेरफार केलेला नमुना प्रथम मांजरपाटावर किंवा जुन्या सुती साडीच्या कापडावर कापून कच्च्या धावदोऱ्याने जोडतात व अंगावर घालून पाहतात. उभी सुरकुती जादा रुंदी, आडवी ओढ अपुरी रुंदी, तर तिरपी सुरकुती ज्या उभाराकडे जाते तेथील कमतरता दर्शविते. हात वर उचलून, पुढे वाकून व बसून पाहणे आवश्यक असते. आढळलेला दोष प्रथम नमुन्यावर सुधारावा. केवळ कपड्यावर केलेली सुधारणा त्या कपड्यापुरतीच राहते.

कापडावरील मांडणी : सुती कापड बेतण्यापूर्वी भिजवून वाळवितात, कारण ते पहिल्या धुण्यात आटते. कापड घेण्यापूर्वी पन्ह्याएवढ्या रुंदीच्या कागदावर सर्व तुकडे मांडून पाहिल्यास नेमके किती कापड लागेल ते कळते. मोठे तुकडे आधी व लहान मधल्या जागेत बसवितात. उरेब पट्ट्या शेवटी काढतात. मराठवाड्यात लोकप्रिय असलेल्या खणाच्या कापडाला दोन्ही बाजूंस काठ असतो व पन्हा अरुंद असतो. काठ बाहीच्या खालच्या कडेस यावा, अशी अपेक्षा असल्याने बाहीचा नमुना तेथे दुमडीशिवाय, नेमक्या लांबीचा लागतो. बाहीची लांबी बदलावयाची असल्यास बदल तिच्या मध्यावर करावा लागतो. काठ कापून चालत नाही.

प्रशिक्षण व सद्यःस्थिती : औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिवणतंत्राचा अभ्यासक्रम, तसेच खाजगी शिवणवर्ग यांतून आखणीचे शिक्षण मिळते. मराठवाड्यासाठी परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या गृहविज्ञान (आता सामुदायिक विज्ञान) महाविद्यालयात वस्त्र व परिधान हा विषय शिकविला जातो. वर्गांत सूत्रांवर भर असतो. फेरफाराचे शिक्षण मात्र पुष्कळदा अनुभवावर सोडले जाते.

आता संगणकावर आखलेले नमुने महाजालावरून उतरवून घरच्या कागदावर छापता येतात. असे नमुने वापरताना पानावर दिलेला चाचणीचा चौकोन प्रत्यक्ष मोजून छपाईचे प्रमाण बरोबर असल्याची खात्री करणे अत्यावश्यक असते. हे नमुने ज्या मापतक्त्यांवर बेतलेले असतात, ते बहुधा परदेशी असतात. भारतीयांच्या शरीरमापनाचे राष्ट्रीय सर्वेक्षण एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर हाती घेण्यात आले. त्यासाठी देशातील निवडक शहरे घेण्यात आली. तयार कपड्यांच्या मापांत त्यामुळे सुधारणा होऊ शकेल. मात्र कोणताही तक्ता एका व्यक्तीच्या अंगलटीची जागा घेऊ शकत नाही.

नांदेड-लातूर परिसरात घरी ब्लाउज शिवून उत्पन्न मिळविणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने याला व्यावहारिक महत्त्व आहे. बिघडलेल्या कापडाची भरपाई करून देण्यात अनेक दिवसांची मजुरी जाते. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी मूळ नमुन्याची प्रत काढून तीवर नाव, तारीख व केलेले फेरफार नोंदवून ठेवल्यास पुढच्या वेळी माप, आखणी व चाचणी यांचे श्रम वाचतात. मूळ नमुना न कापता जाड कागदावर जपून ठेवावा व दरवर्षी मापे पुन्हा ताडून पाहावीत. कारण कागद तोच राहिला, तरी अंग बदलत असते.